मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलमधल्या दुखापती: पालक आणि कोच नेहमी विचारतात ते प्रश्न

अमेरिकेत थंडी सरली की शनिवार सकाळी गावोगावची बेसबॉलची मैदानं भरतात. त्या गर्दीत न्यू जर्सी, बे एरिया, डॅलसकडची मराठी मुलंमुलीही असतात. त्यांचे आईबाबा क्रिकेटवर वाढलेले, त्यामुळे पिच काउंट (पिचर, म्हणजे क्रिकेटमधल्या बोलरसारखा खेळाडू, बॅटरकडे जो बॉल टाकतो ती पिच, आणि तिची मोजणी) आणि ग्रोथ प्लेट हे शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते बहुधा मूल कोपर धरून घरी आल्यावर. महाराष्ट्रात जळगाव, अमरावती, पुणे, छत्रपती संभाजीनगर या भागांत शालेय सॉफ्टबॉल जोरात खेळला जातो. तिथल्या पालकांचे आणि क्रीडाशिक्षकांचे प्रश्नही फार वेगळे नसतात. खाली दिलेले आकडे आणि नियम मुख्यतः अमेरिकेतले आहेत, कारण लहान पिचरांवरचा सर्वाधिक अभ्यास तिथंच झाला आहे. बारा वर्षांच्या मुलाचं कोपर मात्र दोन्हीकडे सारखंच असतं.

हा खेळ मुलांसाठी धोक्याचा आहे का?

नाही. अंगावर धावून जाण्याचे खेळ याहून कितीतरी जास्त जखमी करतात. इथल्या दुखापती दोन प्रकारच्या असतात. काही अचानक होतात: बॉल लागतो, बेसवर (धावताना गाठायच्या टप्प्यावर) पाय मुरगळतो, दोन खेळाडू एकमेकांवर आदळतात. त्या पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण चांगल्या साहित्यानं कमी होतात. दुसऱ्या हळूहळू साचत जातात: खांदा, कोपर, कंबर. या दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेक दुखापती मोठ्यांनी वेळेवर थांबवलं असतं तर झाल्या नसत्या. म्हणून या पानावर त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

मुलगा ११ वर्षांचा आहे. पिचिंग केल्यावर कोपर आतल्या बाजूनं दुखतं. दोन दिवस आराम केला की थांबतं, पुढच्या मॅचला पुन्हा सुरू होतं. स्नायू आखडला असेल का?

या वयात स्नायू आखडला असं गृहीत धरू नका. नऊ ते चौदा वर्षांच्या, ओव्हरहँड (हात खांद्याच्या वरून आणून) फेकणाऱ्या मुलाचं कोपर आतल्या बाजूनं दुखत असेल तर पहिला संशय ग्रोथ प्लेटवर घ्यायचा. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते आणि हाडाची वाढ तिथून होते. कोपराच्या आतल्या उंचवट्यावर मनगट वाकवणारे स्नायू आणि कोपराचा मुख्य लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) जोडलेले असतात. प्रत्येक पिचला ते त्या उंचवट्याला ओढतात. मोठ्या माणसात एवढ्या ताणानं लिगामेंट फाटतो. मुलात लिगामेंट टिकतो आणि त्याच्या मुळाशी असलेली मऊ पट्टी सुजते, रुंदावते, कधी हाडाचा तुकडाच सुटतो. याला लिटल लीग एल्बो म्हणतात; लिटल लीग ही अमेरिकेतली मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलची संघटना.

उपाय साधा आहे, पण मुलाला तो अवघड जातो: फेकणं पूर्ण बंद. साधारण चार ते सहा आठवडे. पिचिंग बंद ठेवून शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डिंगच्या जागी) खेळवणं ही विश्रांती नव्हे, कारण तिथूनही मूल जोरात थ्रो करतंच. पळणं, पायांचे आणि पोटाचे व्यायाम चालतात. बॅटिंगबद्दल डॉक्टरांना विचारा. बहुतेक मुलं शस्त्रक्रियेशिवाय पूर्ण बरी होतात. दुखत असताना महिनोन्महिने फेकत राहिलेल्या मुलांचं मात्र तसं सांगता येत नाही.

फेकताना एकदम ‘कट्’ झालं, लगेच सूज आली आणि हात सरळ होईना, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो.

आणि दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूला असेल तर?

तर मी जास्त काळजी करेन. पिच टाकताना कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची बाजू दाबली जाते. त्या दाबानं सांध्यातल्या हाडाचा छोटा भाग रक्तपुरवठा कमी होऊन खिळखिळा होऊ शकतो. कोपर मध्येच अडकतं, कटकट वाजतं, पूर्ण सरळ होत नाही. साध्या एक्स-रेत हे सुरुवातीला निसटतं, एमआरआय लागतो. लवकर सापडलं तर विश्रांतीवर भागतं, उशीर झाला तर शस्त्रक्रिया लागते आणि सांधा कायमचा कुरकुरत राहू शकतो. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींतही हाच आजार दिसतो.

खांदा दुखतो. हेही तसंच का?

बरंचसं. अकरा ते सोळा वर्षांच्या वयात जास्त फेकण्यानं दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाची ग्रोथ प्लेट रुंदावते. दुखणं दंडाच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला जाणवतं आणि जोरात फेकताना वाढतं. इथं विश्रांती लांब असते, साधारण तीन महिने. एक्स-रे दोन्ही खांद्यांचा काढून तुलना करायला सांगा. एकट्या दुखऱ्या खांद्याचा फोटो पाहून मुलाच्या वाढत्या हाडातला फरक ओळखणं कठीण जातं. कोपराच्या बाबतीतही हेच.

एका दिवसात किती पिच टाकू द्यायच्या?

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावानं मार्गदर्शक आकडे दिले. दिवसाची कमाल मर्यादा अशी:

७–८ वर्षं: ५०
९–१० वर्षं: ७५
११–१२ वर्षं: ८५
१३–१४ वर्षं: ९५
१५–१६ वर्षं: ९५
१७–१८ वर्षं: १०५

याहून महत्त्वाचा भाग म्हणजे त्यानंतरची विश्रांती. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलानं २० पर्यंत पिच टाकल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा चालतं. २१ ते ३५ झाल्या तर एक दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाल्या तर चार दिवस. पंधरा-सोळाच्या मुलांना थोडी सूट आहे: ३० पर्यंत सुट्टी नाही, ७६ च्या पुढे चार दिवस.

लिटल लीगनं तर २००७ पासूनच इनिंग मोजणं सोडून पिच मोजायला सुरुवात केली. तीन इनिंगमध्ये एक मुलगा ३० पिच टाकतो, दुसरा ७०, आणि हाताला इनिंग कळत नाहीत.

हे आकडे कमाल आहेत. एवढ्या टाकल्याच पाहिजेत असा त्यांचा अर्थ नाही. ४० व्या पिचला मुलाचं कोपर खाली यायला लागलं, बॉल वरवर जायला लागला, दोन पिचमधला वेळ वाढला, मूल हात झटकायला लागलं, की त्याचा तो दिवस तिथं संपला. ‘अजून ४५ शिल्लक आहेत’ हा हिशेब चुकीचा. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले किशोर पिचर आणि दुखापत न झालेले पिचर यांची तुलना केली होती. हात थकलेला असताना नियमितपणे पिचिंग करणाऱ्यांत दुखापतीची शक्यता ३६ पट निघाली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांत पाच पट, आणि मॅचमध्ये सरासरी ८० हून जास्त पिच टाकणाऱ्यांत चार पट. थकव्याचा आकडा बाकीच्यांच्या किती पुढे आहे ते बघा. मला एकच गोष्ट सांगायला दिली, तर मी हीच सांगेन.

मुलगा दोन टीममध्ये खेळतो आणि रविवारी क्रिकेट अकादमीतही जातो. मोजणार कोण?

तुम्ही. दुसरं कोणीही मोजणार नाही. प्रत्येक कोचकडे फक्त त्याच्या टीमची वही असते. शाळेच्या टीमकडून मंगळवारी ६० पिच झाल्या हे शनिवारच्या क्लब कोचला माहीत नसतं, आणि त्याला ते सांगायला मुलगा कचरतो, कारण त्याला खेळायचं असतं. फोनवर एक साधी नोंद ठेवा: तारीख, पिच, दुसऱ्या दिवशी हात कसा होता. क्रिकेटमधलं आउटफील्डवरून थ्रो करणं आणि बोलिंग हेही त्याच खांद्याच्या खात्यात जमा होतं.

आणखी एक. मॅचआधीचा बुलपेनमधला (पिचरच्या सरावाच्या जागेतला) सराव आणि इनिंगच्या सुरुवातीच्या वॉर्म-अप पिच अधिकृत आकड्यात धरत नाहीत. फ्लोरिडातल्या हायस्कूल पिचरांच्या पाहणीत मॅचच्या दिवशी टाकलेल्या एकूण पिचपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास पिच अशा न मोजलेल्या निघाल्या. म्हणजे स्कोअरबुकात ६० दिसतात तेव्हा हातानं शंभराच्या आसपास टाकलेल्या असू शकतात.

कर्व्हबॉल कधी शिकवावा?

यावर जाणत्यांतही मतभेद आहेत. बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या संशोधन संस्थेनं ४८१ लहान पिचरांचा दहा वर्षं पाठपुरावा केला. १३ वर्षांआधी कर्व्हबॉल (हवेत वळणारी पिच) टाकणं आणि गंभीर दुखापत यांचा ठोस संबंध त्यात दिसला नाही. वर्षाला १०० हून जास्त इनिंग पिच करणाऱ्यांना मात्र धोका साडेतीन पट होता. तरी माझं मत असं की आधी सरळ फास्टबॉल नीट, एकाच लयीत टाकता यावा, मग चेंजअप (फास्टबॉलसारखी दिसणारी पण हळू येणारी पिच) यावा, आणि दाढीमिशा फुटायला लागल्यावर कर्व्ह. बारा वर्षांचा मुलगा कर्व्ह टाकायला शिकला की कोच त्यालाच जास्त पिच टाकायला लावतो, कारण त्या वयाच्या बॅटरांना तो खेळता येत नाही. घात होतो तो इथं.

वेग वाढवण्यासाठी जड बॉलचा कार्यक्रम सुरू करू का?

वाढत्या वयात नको. १३ ते १८ वर्षांच्या पिचरांवर सहा आठवड्यांचा असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. वेग थोडा वाढला, पण जड बॉल वापरणाऱ्या गटातल्या २४ टक्के मुलांना कोपराच्या दुखापती झाल्या. नेहमीचा सराव करणाऱ्या गटात एकालाही नाही. वेग पायांतून आणि कमरेतून येतो. स्क्वॉट, लंज, प्लँक, पाठीच्या वरच्या भागासाठी रबर बँडचे व्यायाम, पुरेशी झोप, पोटभर प्रथिनं, एवढ्यावर या वयात पुष्कळ प्रगती होते.

मुलगी सॉफ्टबॉलची पिचर आहे. अंडरआर्म फेक नैसर्गिक असते, तिला मर्यादा लागत नाही, असं कोच म्हणतात.

हा समज दोन्ही देशांत इतका पक्का आहे की तो मोडायला वेळ लागेल. सॉफ्टबॉलच्या या अंडरआर्म फेकीत, म्हणजे विंडमिल पिचमध्ये, हात पूर्ण गोल फिरून बॉल सुटतो, तेव्हा हात खांद्यातून बाहेर ओढला जातो. ती ओढ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के मोजली गेली आहे. ५० किलोची मुलगी असेल तर प्रत्येक पिचला खांद्यावर सुमारे ४० किलोची ओढ. ती थोपवायचं काम दंडाचा पुढचा स्नायू करतो आणि तो बेसबॉलच्या ओव्हरहँड पिचपेक्षा इथं जास्त राबतो. म्हणून सॉफ्टबॉल पिचरना खांदा पुढून दुखतो.

बेसबॉलमध्ये निदान मोजणी तरी आहे. सॉफ्टबॉलमध्ये लिटल लीगसुद्धा पिच मोजत नाही, इनिंगवर बंधन घालते. शनिवार-रविवारच्या टूर्नामेंटमध्ये एकच मुलगी दिवसाला दोन-तीन मॅच टाकते. आपल्याकडच्या जिल्हा आणि विभागीय शालेय स्पर्धाही दोन-तीन दिवसांत उरकतात. शाळेत पिचर एकच असते आणि सगळा भार तिच्या खांद्यावर येतो. शाळेनं दर वर्षी किमान दोन, जमलं तर तीन मुलींना पिचिंग शिकवावं. संघ निवडताना सगळ्यात आधी याकडे पाहावं असं मला मनापासून वाटतं.

सलग दोन दिवस पिचिंग झालं की तिसऱ्या दिवशी सुट्टी. पिचिंगनंतर तिला लगेच आउटफील्डला पाठवू नका, तिथून लांब थ्रो करावे लागतात. फर्स्ट बेस बरा. आणि कंबर व मांड्या बळकट करा. कमरेचं बळ कमी पडलं की ती कसर खांद्याला भरून काढावी लागते.

टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर हात पहिल्यापेक्षा बळकट होतो म्हणतात. खरं आहे का?

खरं नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचे पिचर टॉमी जॉन यांच्या कोपरात फाटलेल्या लिगामेंटच्या जागी मनगटाजवळचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवला. १९७६ मध्ये ते मैदानात परतले आणि १९८९ पर्यंत खेळले. या यशामुळे शस्त्रक्रियेभोवती वलय तयार झालं. ते इतकं की अमेरिकेतल्या एका पाहणीत हायस्कूल खेळाडूंपैकी निम्म्यांना वाटत होतं की दुखापत नसतानाही ती करून घ्यावी. प्रत्यक्षात परतायला पिचरला वर्ष ते दीड वर्ष लागतं. काही जण पूर्वीच्या पातळीवर कधीच येत नाहीत. वेग वाढलेला दिसतो तो दीड वर्षाच्या शिस्तबद्ध व्यायामामुळे, आणि तो व्यायाम शस्त्रक्रियेशिवायही करता येतो. २००७ ते २०११ या काळात अमेरिकेत झालेल्या या शस्त्रक्रियांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त १५ ते १९ वयोगटातल्या मुलांवर झाल्या होत्या. एकेकाळी हा मुरलेल्या व्यावसायिक पिचरांचा आजार होता.

वर्षभर खेळला नाही तर मुलगा मागे पडेल ना?

जॉन स्मोल्ट्झ हे टॉमी जॉन शस्त्रक्रिया होऊनही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, पोचलेले पहिले पिचर. २०१५ मध्ये त्या सोहळ्याच्या भाषणात त्यांनी वेळ काढून पालकांनाच विनंती केली की बेसबॉल हा वर्षभर खेळायचा खेळ नाही, मुलांना दुसरे खेळ खेळू द्या. पिच स्मार्टनुसार वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद असावं आणि त्यातले दोन-तीन महिने सलग कोणतीही ओव्हरहँड फेक नसावी. त्या काळात फुटबॉल, पोहणं हलक्या हातानं, खो-खो, कबड्डी, काहीही चालेल. एकाच खेळावर लक्ष केंद्रित करायचं ते पंधरा-सोळानंतर, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

जपानचं उदाहरण देतो. तिथं हायस्कूल मुलांची कोशिएन स्पर्धा सगळा देश बघतो. २०१३ च्या वसंतातल्या स्पर्धेत सोळा वर्षांच्या तोमोहिरो आनराकूनं पाच मॅचमध्ये ७७२ पिच टाकल्या. त्यावर जगभर वाद झाला. अखेर २०२० पासून जपानच्या हायस्कूल बेसबॉलमध्ये एका आठवड्यात ५०० पिचची मर्यादा आली. ही मर्यादाही माझ्या मते फार ढिली आहे, पण जिथं थकून टाकत राहणं हाच पराक्रम मानला जायचा तिथं ती आली, हे मोठं आहे.

कॅचरला काय जपावं?

हात आणि गुडघे. कॅचर बॅटरच्या मागे बसून पिच झेलतो आणि प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकतो, म्हणून त्याचं फेकणं पिचरच्या खालोखाल असतं. एकाच दिवशी पिचर आणि कॅचर दोन्ही कामं एकाला देऊ नका. लिटल लीगचा नियमच आहे: ४१ किंवा जास्त पिच टाकल्या की त्या दिवशी कॅचर होता येत नाही, आणि चार इनिंग कॅचिंग केलं की पिचर होता येत नाही. ग्लोव्ह नसलेला हात पाठीमागे ठेवायला शिकवा, फाउल टिपनं (बॅटला चाटून मागे येणाऱ्या बॉलनं) अंगठे मोडतात.

बॉल छातीवर लागून मूल कोसळलं तर?

हे क्वचित होतं, पण प्रत्येक पालकाला आणि कोचला माहीत असलंच पाहिजे. हृदयाच्या ठोक्यातल्या एका अत्यंत छोट्या क्षणी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या, छातीवर नेमका हृदयावर बॉल आदळला तर निरोगी हृदयाची लय बिघडून ते रक्त ढकलणं थांबवतं. फार जोरात लागावं लागतं असंही नाही. मूल दोन-चार पावलं चालतं आणि कोसळतं. लोकांना वाटतं श्वास कोंडला असेल, आणि ते पाणी मारत बसतात. त्यात जीव जातो.

हाक मारा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा: छातीच्या मध्यभागी, सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दुसऱ्यानं अमेरिकेत ९११, महाराष्ट्रात १०८ किंवा ११२ लावावा. तिसऱ्यानं एईडी (हृदयाला विजेचा झटका देऊन लय परत आणणारं यंत्र) आणावं, सुरू करावं आणि ते यंत्र सांगेल तसं करावं. एईडी मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे दहा टक्क्यांनी घटते. म्हणून सीझनच्या पहिल्या दिवशीच विचारा, ‘इथं एईडी कुठे आहे, आणि ते कुलपात तर नाही ना?’

छातीचे पॅड घालावेत, विशेषतः कॅचरनं या धोक्यासाठी प्रमाणित केलेले. पण त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. अगदी लहान मुलांना मऊ सेफ्टी बॉल द्या. आणि अंगावर येणाऱ्या पिचला छाती समोर करायची नाही, पाठ फिरवून वळायचं, हे मऊ बॉलवर सराव करून शिकवा.

डोक्याला बॉल लागला. बेशुद्ध झाला नाही. पुन्हा खेळवू का?

नाही. त्या दिवशी तर मुळीच नाही. मेंदूला हिसका बसायला बेशुद्ध व्हावं लागत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, धूसर दिसणं, स्कोअर विसरणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं, यातलं एकही पुरेसं आहे. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटका, हातपाय लुळे पडणं, बोबडं बोलणं, डोळ्याच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, यातलं काही दिसलं तर थेट इमर्जन्सी.

बाकीच्यांनी एक-दोन दिवस शांत राहावं, स्क्रीन कमी करावी, नंतर हळूहळू चालणं-फिरणं सुरू करावं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायचा सल्ला आता मागे पडला आहे. आधी शाळा, मग हलका व्यायाम, मग सराव, मग डॉक्टरांच्या लेखी परवानगीनं मॅच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये यावर पहिला कायदा केला आणि २०१४ पर्यंत सगळ्या राज्यांत तसे कायदे आले. म्हणून तिथले कोच या बाबतीत अडून बसले तर त्यांच्याशी वाद घालू नका.

डोळ्याला किंवा दाताला लागलं तर?

डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. मुलाला बसतं ठेवा, कागदी कपाचा बूड डोळ्यावर हलकेच धरा म्हणजे कशाचा धक्का लागणार नाही, आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. बुबुळापुढे रक्त दिसत असेल तर तासाचाही उशीर नको.

पक्का दात पूर्ण निघाला तर तो शोधा. मुळाला हात लावू नका, वरच्या पांढऱ्या भागानं धरा. माती असेल तर दुधानं हलकंसं धुवा आणि शक्य असेल तर तिथंच खाचेत बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर थंड दुधात टाका. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचलात तर दात वाचायची चांगली शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

सॉफ्टबॉलमध्ये इनफिल्डर (बेसजवळ फिल्डिंग करणाऱ्या) आणि पिचर मुलींनी चेहऱ्याची जाळी घालावीच. बारा वर्षांखालच्या मुलींत पिचर बॅटरपासून ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटरवर उभी असते. तिच्याकडे परत येणारा बॉल दिसेपर्यंत आलेला असतो.

बोटाच्या टोकावर बॉल लागला, बोट वाकडं दिसतंय. ओढून सरळ करू का?

ओढू नका. मैदानावर कोणीतरी अनुभवी माणूस पुढे येऊन बोट ओढतोच, त्याला थांबवा. तुटलेलं हाड ओढल्यानं सरकतं. बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबत असेल आणि मुलाला स्वतःहून वर उचलता येत नसेल, तर ते उचलणारा टेंडन तुटला आहे. पट्टी लावून पेर सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवावं लागतं. आंघोळीतही ते वाकू द्यायचं नाही. एकदा वाकलं की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. तोवर बर्फ लावा आणि शेजारच्या बोटाला बांधून एक्स-रेला न्या.

स्लाइड करताना घोटा मुरगळतो. काय करावं?

बेस गाठायला जमिनीवरून घसरत जाणं म्हणजे स्लाइड; बेस जमिनीत घट्ट रोवलेला असेल तर त्यात पाय अडकतो आणि घोटा किंवा गुडघा जातो. धक्का लागल्यावर सुटणारे बेस वापरल्यानं हे प्रमाण कमालीचं घटतं. मिशिगनमध्ये १९८० च्या दशकात झालेल्या अभ्यासात स्लायडिंगच्या दुखापती ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाल्या होत्या. खेळाच्या सगळ्या साहित्यात याइतकी फायद्याची खरेदी मला दुसरी माहीत नाही. लहान मुलांना डोकं पुढे करून स्लाइड करू देऊ नका. मुरुमाच्या मैदानावर स्लाइड शिकवूच नका, आधी गवतावर, ओल्या ताडपत्रीवर किंवा वाळूत शिकवा. फर्स्ट बेसवर दुहेरी बेस ठेवला तर धावणारी आणि झेलणारी एकमेकींच्या पायात येत नाहीत.

मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडाच्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे.

बर्फ, शेक, हळद-चुन्याचा लेप, मालिश: यातलं काय?

पहिले दोन-तीन दिवस बर्फ, कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कोपराच्या आतल्या बाजूला त्याहून कमी, कारण तिथं नस अगदी कातडीखाली असते. ताज्या माराला शेक नको, सूज वाढते. हळदीचा लेप कातडी अखंड असेल तर नुकसान करत नाही, चुन्यानं मात्र लहान मुलांची कातडी भाजते, म्हणून तो टाळा.

मालिशबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. वाढत्या मुलाचा सुजलेला सांधा कोणाकडूनही चोळून घेऊ नका, बसवून घेऊ नका. हाड बसवणाऱ्यांकडे नेण्याची आपल्याकडची सवय आजीआजोबांच्या मायेतून आलेली असते. पण सरकलेल्या ग्रोथ प्लेटला तो धक्का बसला तर हात वाकडा वाढू शकतो. आधी एक्स-रे, मग जे काय करायचं ते.

मॅचआधी पेनकिलर देऊन खेळवलं तर?

गोळीनं दुखणं झाकलं जातं, दुखापत तिथंच राहते. खेळण्यासाठी गोळी लागत असेल तर मूल खेळण्याच्या स्थितीत नाही. मार लागल्यावर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. खांद्यात-कोपरात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन फायनल खेळवणं तर कुठल्याही मुलाच्या बाबतीत मान्य होण्यासारखं नाही.

मुलगा दुखतंय हे सांगतच नाही. काय करू?

‘दुखतंय का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘हात कुठे जड वाटतोय?’, ‘कितव्या इनिंगला जाणवलं?’ असं विचारा. दात घासताना, दप्तर उचलताना, टी-शर्ट काढताना बघा. मॅच जिंकून आल्यावरचा पहिला प्रश्न स्कोअरचा नसेल, हाताचा असेल, तर हळूहळू तो स्वतःहून सांगायला लागतो. त्याला हेही कळू द्या की दुखणं सांगितलं म्हणून टीममधली जागा जाणार नाही, आणि त्यासाठी आधी कोचशी तुम्ही बोलून घ्या, मुलाला मध्ये न घालता.

विश्रांती संपली. पुन्हा फेकायला कसं सुरू करावं?

चार अटी: दुखणं नाही, हात पूर्ण सरळ होतो आणि वळतो, दाबल्यावर कळ नाही, दोन्ही हातांची ताकद जवळपास सारखी. मग ३० ते ४५ फुटांवरून हलके थ्रो, २५-३०, एक दिवस आड. दोन वेळा काही त्रास झाला नाही की ६० फूट, मग ९०. माउंडवरून (पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून) पिचिंग सगळ्यात शेवटी, आधी निम्म्या जोरानं, फक्त फास्टबॉल. कुठल्याही पायरीला दुखलं तर दोन दिवस थांबून एक पायरी खाली या. यात चार ते आठ आठवडे जातात. फायनल त्याआधी असेल तर फायनल दुसऱ्या मुलानं टाकायची.

मैदानावर काय न्यावं?

थंड पेटीत बर्फ, प्लॅस्टिक पिशव्या, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, त्रिकोणी झोळी, स्वच्छ गॉझ, कात्री, हातमोजे, दुधाचा छोटा टेट्रापॅक, ओआरएस, पाण्याचा मोठा कॅन. उन्हाळ्यात दर इनिंगनंतर मुलांना पाणी प्यायला लावा. उन्हानं मूल बरळायला लागलं किंवा कोसळलं तर अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत थांबू नका, सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओता, बर्फाचे ओले टॉवेल लावा, वारा घाला. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक मुलाच्या पालकांचा फोन नंबर, अ‍ॅलर्जी, दमा किंवा फिट येत असल्यास त्याची नोंद, जवळच्या हॉस्पिटलचा पत्ता आणि अ‍ॅम्ब्युलन्स कोणत्या फाटकातून आत येऊ शकते हे लिहून चिकटवा. फाटकाची किल्ली कोणाकडे असते तेही.